न्यूरोटेक कंपनीत पैसे घालण्याआधी काय काय तपासायचं

ईईजी, म्हणजे डोक्याला तारा चिकटवून मेंदूतल्या विजेची नोंद. त्या खोलीत टेक्निशियनचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "डोक्याला तेल लावून आलात का?" पुणे, सांगली, कोल्हापूरच्या दवाखान्यांत ईईजी मशिनांची देखभाल करत मी अकरा वर्षं काढली, त्यात हा प्रश्न किती वेळा ऐकला त्याची गणती नाही. तेलकट टाळूवर इलेक्ट्रोड नीट चिकटत नाही, इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, चढतो आणि मायक्रोव्होल्टमध्ये मोजायचा तो इवलासा सिग्नल भिंतीतल्या विजेच्या ५० हर्ट्झच्या गुणगुणीत बुडून जातो.

आपल्याला मेंदूची मशिनं कळतात, या तोऱ्यात मी टाळेबंदीच्या काळात एका परदेशी मेंदू-उपकरण कंपनीचे शेअर घेतले. यंत्र चांगलं होतं, आजही तसंच म्हणेन. पण दीड वर्षात माझ्या रुपयाचे वीस पैसे उरले. यंत्राचं बिल शेवटी कोण भरणार आणि तोवर कंपनीच्या तिजोरीत पैसे पुरणार का, हे दोन प्रश्न मला सुचलेच नव्हते. किराणा दुकान टाकणारा माणूससुद्धा आधी हेच विचारतो.

त्यानंतर मी या कंपन्यांचे कागद वाचायला शिकले. कॉलेजातली मुलं, जुने सहकारी, एकदा तर सोसायटीचे खजिनदार, असे बरेच जण आता विचारायला येतात, म्हणून सगळं क्रमानं लिहून ठेवते आहे. मी सेबीकडे नोंदलेली सल्लागार नाही. अमुक घ्या, तमुक विका, असं इथे काही सापडणार नाही.

हाताशी काय लागेल

- एडगर: अमेरिकेच्या एसईसीचं, म्हणजे तिथल्या सेबीचं, फुकट ऑनलाइन दफ्तर. तिथल्या नोंदणीकृत कंपनीचा वार्षिक अहवाल म्हणजे १०-के, तिमाही म्हणजे १०-क्यू, अधेमधे काही घडलं तर ८-के आणि बाजारात उतरतानाचं माहितीपत्र म्हणजे एस-१.
- एफडीएच्या, म्हणजे अमेरिकेच्या औषध व उपकरण नियामकाच्या, वेबसाइटवरच्या याद्या: ५१०-के, डी नोव्हो, पीएमए (अर्थ तिसऱ्या पायरीत). शिवाय तक्रारींची यादी, तिला 'मॉड' म्हणतात.
- क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह: कोणती चाचणी कुठे, किती रुग्णांवर, कधीपर्यंत.
- वही, पेन आणि दोन मोकळ्या संध्याकाळी.
- पैसे खरंच पाठवायचे असतील तर पॅन कार्ड, पैसे बाहेर पाठवायचा बँकेचा ए-२ फॉर्म आणि अमेरिकी ब्रोकरसाठी डब्ल्यू-८-बेन, म्हणजे आपण अमेरिकी करदाते नाही हे सांगणारा फॉर्म. त्याबद्दल शेवटी.

१. कंपनी कोणत्या खणात बसते ते ठरवा

न्यूरोटेक हा शब्द इतका ताणला गेलाय की त्यात हल्ली सगळंच मावतं. माझ्या वहीत चार खण आहेत.

पहिल्या खणात जुनी, चालती दुकानं. मेंदूत खोलवर तार सोडून कंपवाताची थरथर आवरणारं डीबीएस, कण्याजवळ तार ठेवून वेदना दाबणारे स्टिम्युलेटर, ऐकू यावं म्हणून आतल्या कानात बसवायचं कॉक्लिअर इम्प्लांट. आजचं डीबीएस फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या आलिम-लुई बेनाबिद यांनी १९८७ मध्ये सुरू केलं. एफडीएनं त्याला हाताच्या थरथरीसाठी १९९७ मध्ये आणि पार्किन्सन्ससाठी, म्हणजे कंपवातासाठी, २००२ मध्ये परवानगी दिली. मुंबईत जसलोकमध्ये डॉ. परेश दोशी ही शस्त्रक्रिया कित्येक वर्षं करत आले आहेत. मेडट्रॉनिक, ॲबट, बोस्टन सायंटिफिक हे या खणातले दादा. कानाच्या बाजूला ऑस्ट्रेलियाची कॉक्लिअर, ऑस्ट्रियाची मेड-एल आणि सोनोव्हाच्या मालकीची ॲडव्हान्स्ड बायोनिक्स.

दुसऱ्या खणात एकाच यंत्रावर उभ्या असलेल्या लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपन्या. उदाहरणार्थ, अपस्माराचा झटका ओळखून तिथल्या तिथे दाबणारी न्यूरोपेस, किंवा जिभेच्या मज्जातंतूला चेतवून झोपेतली श्वासाची अडचण सोडवणारी इन्स्पायर. तिसऱ्या खणात बातम्यांतली नावं: न्यूरालिंक, सिंक्रॉन, पॅराड्रॉमिक्स, प्रिसिजन, ब्लॅकरॉक. यांना बीसीआय म्हणतात, मेंदू आणि संगणक यांच्यातला दुवा. या सगळ्या खासगी आहेत. चौथ्या खणात डोक्याला किंवा मनगटाला बांधायच्या पट्ट्या.

पहिला सापळा इथेच आहे. "मेडट्रॉनिक घेतली म्हणजे न्यूरोटेक घेतलं," असं लोक म्हणतात. २०२४ च्या आर्थिक वर्षात तिची विक्री सुमारे ३२ अब्ज डॉलर होती. त्यात 'न्यूरोसायन्स' नावाचा विभाग नऊ अब्जांच्या वरचा. पण तो उघडून बघा, आत मणक्याचे स्क्रू आणि नाक-कान-घशाची हत्यारंही निघतात. तारेनं मज्जातंतू चेतवायचा खरा धंदा दोन अब्जांच्याही खाली. वाईट काही नाही त्यात, फक्त आपण काय विकत घेतोय ते माहीत हवं. आणि एनएसई-बीएसईवर निव्वळ न्यूरोटेक म्हणावं असं नाव शोधायला गेलात तर हात हलवत परत याल.

२. बिल कोण भरणार?

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. माझं तरी बरंचसं नुकसान या एका पायरीचं आहे.

सायबरॉनिक्स नावाच्या अमेरिकी कंपनीचं उदाहरण घ्या. गळ्यातल्या व्हेगस मज्जातंतूला हलके विजेचे ठोके देणारं तिचं यंत्र अपस्मारासाठी १९९७ मध्ये मंजूर झालं. २००५ मध्ये एफडीएनं तेच यंत्र औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठीही मंजूर केलं. नैराश्याचे रुग्ण अपस्मारापेक्षा कितीतरी जास्त, तेव्हा आता लॉटरीच लागली असं वाटण्यासारखी स्थिती. मे २००७ मध्ये मेडिकेअरनं, म्हणजे अमेरिकी सरकारच्या ज्येष्ठांच्या आरोग्य विम्यानं, सांगून टाकलं की नैराश्यासाठी या यंत्राचे पैसे आम्ही देणार नाही, पुरावा अपुरा आहे. परवानगी हातात, पण गिऱ्हाईक नाही. खासगी विमावालेही सहसा मेडिकेअरच्या मागोमाग जातात. पुढे २०१५ मध्ये सायबरॉनिक्स इटलीच्या सोरिनमध्ये विलीन होऊन लिव्हानोव्हा झाली, आणि मेडिकेअरनं २०१९ मध्ये निदान चाचणीपुरतं दार किलकिलं केलं. मधे बारा वर्षं गेली. एफडीए विचारते, यंत्र सुरक्षित आहे का, काम करतं का. विमा विचारतो, आत्ताच्या उपचारापेक्षा इतके पैसे जास्त देण्याइतकं चांगलं आहे का. या दोन वेगळ्या परीक्षा आहेत आणि दुसरीचा पेपर अवघड असतो.

म्हणून १०-के उघडलात की शोधपट्टीत 'रिइम्बर्समेंट', म्हणजे विम्याकडून होणारी भरपाई, हा शब्द टाका आणि तो जिथे जिथे सापडेल तिथलं सगळं वाचा. वहीत तीन उत्तरं लिहा. शस्त्रक्रियेला कायमचा बिलिंग कोड आहे की तात्पुरता? तिथे सीपीटी नावाचे कोड असतात. पहिल्या वर्गातला कोड म्हणजे पक्का, तिसऱ्या वर्गातला म्हणजे 'बघू' असा, आणि त्यावर पैसे मिळतीलच असं नाही. दुसरं, मोठे विमावाले आपणहून पैसे देतात की प्रत्येक रुग्णासाठी पत्रव्यवहार करावा लागतो? तिसरं, यंत्र एकदाच विकलं जातं की पुन्हा पुन्हा काही घ्यावं लागतं?

हा तिसरा प्रश्न मला चिपळूणला कळला. माझ्या मामेबहिणीच्या मुलाला कॉक्लिअर इम्प्लांट आहे. तिच्याकडे फ्रिजवर एक झाकणाची डबी असते, तिच्यात ओल शोषणाऱ्या गोळ्या. रोज रात्री मुलगा झोपला की त्याच्या कानामागचा प्रोसेसर ती हळूच काढते, घाम पुसते, डबीत ठेवून झाकण घट्ट लावते. कोकणातला पाऊस आणि इलेक्ट्रॉनिक्स यांचं जमत नाही. कवटीतला भाग बहुधा जन्मभराचा, पण बाहेरचा प्रोसेसर, कॉइल, वायर हे सगळं झिजतं. काही वर्षांनी जुन्या मॉडेलचे सुटे भाग मिळेनासे झाले आणि नवा प्रोसेसर घ्यायला सांगण्यात आलं. बिल लाखांत. गुंतवणूकदाराच्या भाषेत याला खात्रीचं, वारंवार येणारं उत्पन्न म्हणतात. माझी मामेबहीण त्याला काय म्हणते ते इथे छापण्याजोगं नाही. कागद वाचताना दोघींचे चष्मे लावून बघायची मी सवय केली आहे, कारण गिऱ्हाईक फार पिळलं गेलं तर सरकार दरात हात घालतं.

आपल्याकडे बिल भरणारे कोण? मुलांच्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठी केंद्राची दिव्यांगांसाठीची एडिप योजना आहे, तिचं काम वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेमार्फत चालतं. म्हणजे खरेदीदार सरकार आणि किंमत निविदेत ठरणार. डीबीएसचा खर्च दहा लाखांच्या पुढे सहज जातो. विमा नियामकानं २०१९ मध्ये ज्या आधुनिक उपचारांना विम्यातून सरसकट वगळता येणार नाही असं सांगितलं, त्यांत डीबीएस आहे. पण पॉलिसीत त्यावर वेगळी मर्यादा घालायची मुभाही आहे. "भारतात पार्किन्सन्सचे इतके लाख रुग्ण, म्हणून इतक्या हजार कोटींची बाजारपेठ" असं सादरीकरण कुणी दाखवलं, तर त्यातले किती जण खिशातून हे पैसे भरू शकतात एवढंच विचारा. बहुतेक वेळा स्लाइड पुढे सरकते.

३. परवानगीचा नेमका शब्द वाचा

बातमीत 'एफडीएची मान्यता' असं छापून येतं. त्या दोन शब्दांत निदान सहा वेगळ्या गोष्टी लपतात:

- आयडीई: माणसांवर चाचणी करायची परवानगी. विक्रीची नाही.
- ब्रेकथ्रू: एफडीएशी लवकर आणि जास्त बोलता येतं, एवढंच. हा शिक्का आजवर हजाराहून जास्त उपकरणांना मिळालाय.
- ५१०-के: बाजारात आधीच असलेल्या यंत्रासारखंच हे आहे, असं दाखवून मिळणारी मोकळीक.
- डी नोव्हो: अगदी नव्या प्रकारचं, पण फार धोक्याचं नसलेलं यंत्र.
- पीएमए: सगळ्यात कडक. मेंदूत कायमचं बसणारं यंत्र बहुतेक इथूनच जातं.
- एचडीई: दुर्मीळ आजारासाठीची सवलत. यात उपयोग होतो हे पूर्ण सिद्ध करावं लागत नाही, 'संभाव्य लाभ' दाखवला तरी चालतं.

न्यूरालिंकला मे २०२३ मध्ये मिळाली ती यातली पहिली, चाचणीची. त्यानंतर जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या रुग्णात यंत्र बसलं. ६४ धाग्यांवर १,०२४ इलेक्ट्रोड. पुढच्या काही आठवड्यांत त्यातले बरेच धागे मेंदूतून मागे सरकले आणि कंपनीला सॉफ्टवेअर बदलून काम चालू ठेवावं लागलं. प्रिसिजनला एप्रिल २०२५ मध्ये खरोखरच ५१०-के मिळाली. पण कागद वाचलात तर तिचे पातळ फिल्मवरचे इलेक्ट्रोड मेंदूवर जास्तीत जास्त ३० दिवस ठेवायची मुभा आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी आणि नंतर थोडे दिवस मेंदूचा नकाशा काढायला ते उपयोगी पडतं, आणि त्यातून कंपनीला आत्ताच थोडी कमाई व माहिती दोन्ही मिळू शकतात. हुशारीची चाल आहे. फक्त 'विचारांनी संगणक चालवणारी चिप मंजूर' हे तिचं वर्णन नव्हे.

मग चाचणीच्या नोंदीत रुग्णांची संख्या बघा. मानेतल्या शिरेतून स्टेंटसारखं यंत्र मेंदूजवळ नेणाऱ्या सिंक्रॉननं अमेरिकेतल्या पहिल्या चाचणीत सहा रुग्ण घेतले. इतक्या लहान चाचणीतून 'अपाय फारसा नाही' एवढंच कळतं. विक्रीसाठी लागणारी मोठी चाचणी पुढे असते, आणि पैसा तिथे जातो.

'मॉड' यादीत हजारो तक्रारी दिसल्या म्हणून घाबरू नका. जे यंत्र जास्त विकलं जातं त्याच्या तक्रारी जास्त असणारच. मी त्यात एकच गोष्ट शोधते: तीच तक्रार, त्याच शब्दांत, पुन्हा पुन्हा येते का. तार तुटणं, बॅटरी अवेळी संपणं, जखम चिघळणं. देखभालीच्या धंद्यातली माणसं असंच वाचतात.

४. तिजोरी आणि घड्याळ शेजारी ठेवा

न्यूरोपेसची स्थापना १९९७ ची. पीएमए मिळाली नोव्हेंबर २०१३ मध्ये. नॅसडॅक या अमेरिकी शेअर बाजारावर आली एप्रिल २०२१ मध्ये, १७ डॉलरनं. म्हणजे पाळण्यातलं मूल कॉलेज संपवून नोकरीला लागेपर्यंतचा काळ. आणि लिस्टिंगनंतर २०२२ च्या अखेरीस हाच शेअर दोन डॉलरच्या खाली गेला होता, पुढे पुन्हा दहाच्या वर आला. यंत्र तेच, रुग्ण तेच.

या धंद्यात इतका वेळ लागतोच, म्हणून एक साधा भागाकार करायचा. १०-क्यूमध्ये रोख आणि रोखीसारखी गुंतवणूक किती ते बघा. मग रोख प्रवाहाच्या तक्त्यात कामकाजावर वर्षाला किती जातात ते. समजा हाती ९ कोटी डॉलर आहेत आणि वर्षाला ६ कोटी जळतात, तर दीड वर्षाचं धान्य घरात आहे. आता चाचणीच्या नोंदीतली संपायची तारीख बघा. ती तीन वर्षांनंतरची असेल तर मधे कंपनी नवे शेअर विकणार, कर्ज काढणार किंवा स्वतः विकली जाणार. नवे शेअर आले की तुमचा वाटा पातळ होतो, ताकात पाणी घातल्यासारखा. माझं असंच झालं. चांगल्या निकालाची बातमी आली, शेअर चढला, मी आणखी घेतले, आणि त्याच आठवड्यात कंपनीनं चढ्या भावाचा फायदा घेऊन नवे शेअर काढले. पुढे पंधरा-वीस शेअरचा एक करायची, म्हणजे रिव्हर्स स्प्लिटची वेळ आली. 'गोइंग कन्सर्न' हे दोन शब्द, म्हणजे कंपनी पुढे चालेल का याची शंका, लेखापरीक्षकाच्या अहवालात दिसले की मी आता पुढचं पान उलटत नाही.

बाहेर पडायची वाट बहुतेकदा एकच असते, कुणीतरी मोठ्यानं गिळणं. ते गोडही असू शकतं. मूत्राशयाच्या मज्जातंतूचं यंत्र करणारी ॲक्सॉनिक्स २०१८ मध्ये १५ डॉलरनं बाजारात आली आणि बोस्टन सायंटिफिकनं ती २०२४ मध्ये शेअरमागे ७१ डॉलर देऊन, एकूण सुमारे ३.७ अब्ज डॉलरना घेतली. आणि कडूही. पाठदुखीच्या स्टिम्युलेटरवाली नेव्ह्रो एके काळी दीडशे डॉलरच्या पुढे होती. २०२५ मध्ये ग्लोबस मेडिकलनं ती ५.८५ डॉलरला उचलली. नेव्ह्रोच्या यंत्राला परवानगी होती, विमा होता, सर्जन ओळखत होते. पण समोर तीन दादा तेच विकत होते, आणि विक्रीसाठी माणसं ठेवण्याचा खर्च कमाई खात होता. १०-केमध्ये 'विक्री व प्रशासकीय खर्च' हा आकडा विक्रीच्या किती टक्के आहे आणि वर्षागणिक उतरतोय का, हे बघायला मी नेव्ह्रोवरून शिकले.

५. कंपनी गेली तर डोक्यातल्या यंत्राचं काय?

फ्रिज बिघडला आणि कंपनी बंद असली तर आपण दुसरा घेतो. डोळ्यात शिवलेलं यंत्र असेल तर?

सेकंड साइट या कॅलिफोर्नियातल्या कंपनीनं आर्गस-२ नावाचा कृत्रिम दृष्टिपटल केला. चष्म्यावरचा कॅमेरा, आणि डोळ्याच्या आत ६० इलेक्ट्रोड. २०१३ मध्ये एचडीईखाली मंजुरी मिळाली, २०१४ मध्ये ९ डॉलरनं शेअर बाजारात आली. यंत्राची किंमत सुमारे दीड लाख डॉलर. जगभरात मिळून जेमतेम साडेतीनशे लोकांना ते बसलं. दिसायचं काय, तर उजेडाचे ठिपके, दाराची कड, पांढऱ्या पट्ट्या. पूर्ण अंधारात असलेल्या माणसाला तेही खूप. पण एवढ्यावर कंपनी चालेना. २०१९ मध्ये आर्गसचं काम थांबलं आणि मार्च २०२० मध्ये बहुतेक कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं गेलं. रुग्णांच्या डोळ्यात यंत्र तसंच. चष्मा बिघडला तर दुरुस्त कोण करणार, एमआरआय करायचा झाला तर डॉक्टरांनी फोन कुणाला लावायचा? २०२२ मध्ये कंपनी एका औषध-इम्प्लांट कंपनीत विलीन झाली.

गंमत म्हणजे, गंमत कसली, मार्च २०२१ मध्ये सुधारित चष्म्याला परवानगी मिळाल्याच्या बातमीवर याच मरणपंथाला लागलेल्या कंपनीचा शेअर काही पटींनी उसळला होता. तेव्हा घेणाऱ्यांपैकी किती जणांनी पहिली चार पानं वाचली असतील!

तेव्हापासून मी प्रत्येक इम्प्लांट कंपनीच्या कागदात तीन गोष्टी शोधते: यंत्र काढायचा खर्च कोण देतं, सुटे भाग किती वर्षं पुरवायचं लिहून दिलंय, आणि बॅटरी किंवा चार्जर दुसऱ्या कुणाचा चालतो का. याचं उत्तर नसेल तर तो रुग्णाचा जेवढा धोका, तेवढाच गुंतवणूकदाराचा. अशी एक बातमी फुटली की पुढच्या शंभर रुग्णांना तयार करताना सर्जन दोनदा विचार करतो.

६. पट्ट्यांना तेलाची परीक्षा लावा

ध्यान शिकवणारे, झोप मोजणारे हेडबँड दिसायला देखणे असतात. दवाखान्यात आम्ही टाळू घासून, पेस्ट लावून इम्पिडन्स ५ किलोओहमच्या खाली आणायचो, तरी रुग्णानं दात आवळले की कागदभर रेघोट्या. कोरडा इलेक्ट्रोड, दाट केस, वर खोबरेल तेल, अशा डोक्यावर ही पट्टी काय वाचते, हा माझा पहिला प्रश्न. स्टार्टअपवाल्यांकडे प्रात्यक्षिक बघायला गेलात तर त्यांच्या तुळतुळीत डोक्याच्या मॉडेलवर बघू नका. आईला घेऊन जा.

दुसरं, दावा कोणता आहे? 'मन शांत व्हायला मदत' असं म्हटलं तर औषध नियामक सहसा मागे लागत नाही, पण विमाही पैसे देत नाही. 'नैराश्य बरं करतं' म्हटलं की यंत्र वैद्यकीय झालं. भारतात २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली अ ते ड असे चार वर्ग आहेत, आणि क व ड वर्गांना ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा आहे. दोन्हीकडून फायदा घेऊ बघणारी जाहिरात दिसली की सावध व्हा.

तिसरं, मेंदूच्या माहितीचे कायदे. चिलीनं २०२१ मध्ये थेट राज्यघटनेत तरतूद केली, आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये इमोटिव्ह या हेडबँड कंपनीला एका माजी सिनेटरची साठवलेली माहिती पुसायला लावली. अमेरिकेत कोलोरॅडो आणि कॅलिफोर्नियानं २०२४ मध्ये कायदे केले. 'डेटा हाच आमचा खजिना' असं म्हणणाऱ्या कंपनीला विचारा, तो खजिना तिला ठेवू देणार आहेत का.

मोठे खेळाडू तर डोकं सोडून मनगटाकडे वळलेत. फेसबुकनं २०१९ मध्ये सीटीआरएल-लॅब्ज घेतली, त्यातून निघालेला मेटाचा मनगटी पट्टा सप्टेंबर २०२५ मध्ये ७९९ डॉलरच्या चष्म्याबरोबर बाजारात आला. तो स्नायूंचे सिग्नल वाचतो. मनगटाला कुणी तेल लावत नाही, हे त्यांनाही कळलं असावं.

७. 'न्यूरालिंकचे शेअर देतो' म्हणणाऱ्याचं काय करायचं

टेलिग्रामवर, व्हॉट्सॲपवर असे निरोप येतात. प्री-आयपीओ (बाजारात उतरण्याआधीचे शेअर), मर्यादित कोटा, आजच पैसे भरा. नाव मोठं असतं, कारण न्यूरालिंकनं २०२५ मध्ये ६५ कोटी डॉलर उभे केल्याची बातमी सगळ्यांनी वाचलेली असते. ते पैसे मोठ्या फंडांचे होते. खासगी कंपनीचे शेअर अमेरिकेतसुद्धा साधारणपणे 'मान्यताप्राप्त' गुंतवणूकदारालाच मिळतात: राहतं घर सोडून दहा लाख डॉलरची मालमत्ता किंवा वर्षाला दोन लाखांचं उत्पन्न. आणि भारतात राहणाऱ्यानं परदेशी अनलिस्टेड कंपनीचा शेअर घेतला तर रिझर्व्ह बँकेच्या लेखी ती परदेशातली थेट गुंतवणूक ठरते, तिचा वेगळा फॉर्म बँकेमार्फत भरावा लागतो. समोरचा यूपीआयवर पैसे मागत असेल तर पुढचं बोलणंच नको. नंबर ब्लॉक करा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

८. पैसे पाठवायचे ठरलंच तर

रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. बँकेत ए-२ फॉर्म आणि पॅन. वर्षात १० लाख रुपयांच्या वर गेलात तर वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो परत मिळतो किंवा करात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. उसन्या पैशावरचा व्यवहार, म्हणजे मार्जिन, या योजनेत चालत नाही. ॲप परवानगी देतंय म्हणून करू नका.

डब्ल्यू-८-बेन भरल्यावर लाभांशावर अमेरिकेत २५ टक्के कापले जातात. या कंपन्या बहुधा लाभांश देतच नाहीत, म्हणून तो भाग सोडून द्या. चोवीस महिन्यांहून जास्त ठेवून विकलं तर आपल्याकडे नफ्यावर साडेबारा टक्के कर, त्याआधी विकलं तर तुमच्या उत्पन्नाच्या दरानं.

विवरणपत्रातली परदेशी मालमत्तेची अनुसूची, शेड्यूल एफए, भरायला लोक हटकून विसरतात. साधा आयटीआर-१ भरून चालत नाही. त्यात हिशेब जानेवारी ते डिसेंबर असा धरायचा, एप्रिल ते मार्च नाही. तोटा झाला असला तरी भरायचं. माझ्या सीएनं पहिल्या वर्षी विचारलंच नाही आणि मी सांगितलं नाही. नंतर सुधारित विवरणपत्र भरताना प्रत्येक खरेदीचा त्या दिवसाचा डॉलरचा भाव शोधत दोन रविवार गेले. तेव्हा खरेदी केलीत की त्याच दिवशी वहीत तारीख, शेअर, डॉलर आणि रुपये लिहून ठेवा.

एक गोष्ट कुठलंच ॲप ठळक अक्षरांत सांगत नाही. अमेरिकी शेअर ६० हजार डॉलरच्या वर असताना धारक वारला, तर अमेरिका तिथला वारसा कर लावते, ४० टक्क्यांपर्यंत. शिवाय वारसांना ते पैसे सोडवताना कागदांचा ढीग. मी ब्रोकरचं नाव, खाते क्रमांक आणि कुठे काय आहे हे एका कागदावर लिहून कपाटात एलआयसीच्या फायलीत ठेवलंय, आणि तो कागद तिथे आहे हे नवऱ्याला दोनदा सांगितलंय.